घरगुती छायाचित्र-संपादन : दुरुस्ती आणि प्रक्षेप

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात संगणकावरील छायाचित्र-संपादन हा विषय काहींना विजोड वाटण्याचा संभव आहे. ग्रंथालय म्हटले की पोथ्या, दुर्मीळ ग्रंथ आणि नियतकालिकांच्या बांधीव फायली डोळ्यांसमोर येतात. तथापि शंभर वर्षे चाललेल्या कोणत्याही संस्थेच्या कपाटात ग्रंथांच्या शेजारी आणखी एक ठेवा असतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली समूहचित्रे, पागोटी व उपरणी घातलेले संस्थापक, कडांना लागलेली कसर आणि मधोमध पसरलेला पिवळट डाग. स्मरणिका काढायचे ठरले की हा ठेवा बाहेर निघतो आणि मंडळींतला एखादा उत्साही तरुण म्हणतो, ‘द्या इकडे काका, पाच मिनिटांत नवा करून देतो.’ काका मोठ्या विश्वासाने फोटो त्याच्या हाती देतात. या ‘नवा करून देण्या’त नेमके काय घडते, काय मिळते आणि काय हरवते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. छायाचित्रावर हात फिरविण्याची कला संगणकाने आणलेली नाही. ती छायाचित्रकलेइतकीच जुनी आहे. ज्या इंदूर शहरात आज ही सभा भरली आहे, तेथेच १८७० च्या दशकात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना लाला दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेतला. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांचा आश्रय त्यांना लाभला आणि पुढे हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून ते ‘राजा दीनदयाळ’ झाले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत. राजेरजवाड्यांपासून सुरू झालेली ही हौस हळूहळू मध्यमवर्गीय घरांत शिरली आणि गावोगाव फोटो स्टुडिओ उभे राहिले.

या स्टुडिओंत ‘रिटचर’ नावाचा एक कारागीर असे. उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवून, मागून प्रकाश घेऊन, अणकुचीदार पेन्सिलीने तो बारीक बारीक रेघा भरीत बसे. निगेटिव्हमध्ये उजेड आणि अंधार यांची अदलाबदल झालेली असते. चेहऱ्यावरची सुरकुती तेथे काळी न दिसता पारदर्शक दिसते. तिच्यावर शिसपेन्सिलीचा हात फिरला की छापलेल्या प्रतीत ती सुरकुती मावळते. उलट एखादा भाग गडद करावयाचा असेल, तर नाजूक पात्याने निगेटिव्हवरील थर खरवडावा लागे. हे काम शिकायला वर्षे लागत, आणि चूक झाली तर ती पुसता येत नसे. कारण कारागिराचा हात प्रत्यक्ष मूळ निगेटिव्हवरच चाले. या अवघडपणातच एक अंगभूत मर्यादा होती. कोणीही उठावे आणि कोणाचाही चेहरा बदलावा, असे तेव्हा होऊ शकत नव्हते.

ही मर्यादा ज्या साधनाने मोडली, त्याचा जन्म अगदी घरगुती होता. १९८७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी अभ्यास करणारे थॉमस नोल यांनी आपल्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर करड्या छटांची चित्रे दाखविणारी एक छोटी आज्ञावली लिहिली. त्यांचे बंधू जॉन नोल चित्रपटांतील चमत्कृतिदृश्ये घडविणाऱ्या ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या संस्थेत होते. त्यांना या आज्ञावलीत भविष्य दिसले. दोघा भावांनी ती वाढविली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये ‘अडोबी’ कंपनीने ती ‘फोटोशॉप’ या नावाने विक्रीस आणली. आज्ञावलीची प्रात्यक्षिके दाखविताना जॉन नोल एक रंगीत छायाचित्र वापरीत. समुद्रकिनारी पाठमोरी बसलेली, त्यांची तेव्हाची प्रेयसी आणि पुढची पत्नी जेनिफर. तिची दुसरी प्रतिकृती शेजारी उमटवून ते प्रेक्षकांना थक्क करीत. तेव्हा जगप्रसिद्ध झालेल्या या साधनाने ज्या चित्रावर आपले कसब प्रथम दाखविले, ते कुटुंबाच्या अल्बममधले छायाचित्र होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अर्थात हे साधन घडविले गेले ते व्यावसायिकांसाठी. त्याची भाषाच डार्करूमची होती. त्यात ‘डॉज’ नावाचे एक हत्यार आहे, त्याचे चित्र म्हणजे काडीला लावलेली एक चकती. ‘बर्न’ नावाचे दुसरे हत्यार आहे, त्याचे चित्र म्हणजे ओंजळीसारखा वळलेला हात. ज्याने डार्करूममध्ये कागदावर पडणारा प्रकाश चकतीने अडवून चेहरा उजळ ठेवला आहे, किंवा मुठीच्या फटीतून प्रकाश सोडून आकाश गडद केले आहे, त्याला ही चित्रे पाहताच अर्थ कळतो. इतरांना ती कोडी वाटतात. ‘अनशार्प मास्क’ या नावाने तर नवख्यांना फारच चकविले. नावात ‘अस्पष्ट’ आहे आणि परिणाम मात्र चित्र रेखीव होण्याचा! याचे मूळ जुन्या प्रक्रियेत आहे. निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर प्रत करून ती मूळ निगेटिव्हशी जुळवीत, आणि त्यामुळे कडा उठून दिसत. प्रक्रिया गेली, नाव मागे राहिले. भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. दिव्यात तेल नसले, तरी विजेच्या गोळ्याला आपण दिवाच म्हणतो.

हे साधन घरात आले ते त्याची सोपी रूपे निघाल्यावर. १९९६ मध्ये ‘गिंप’ ही मुक्त आज्ञावली विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी जगासाठी खुली केली. २००१ मध्ये ‘फोटोशॉप एलिमेंट्स’ ही हौशी लोकांसाठीची आवृत्ती निघाली. २००४ मध्ये गूगलने ‘पिकासा’ ही आज्ञावली विकत घेऊन फुकट वाटण्यास आरंभ केला. याच सुमारास स्कॅनर स्वस्त झाले आणि डिजिटल कॅमेरे घरोघर पोहोचले. आपल्याकडे मात्र बहुसंख्य लोकांचा या विद्येशी पहिला परिचय झाला तो डीटीपीच्या दुकानात किंवा कोपऱ्यावरच्या स्टुडिओत. ‘जरा फोटोशॉप करून द्या’ असे क्रियापद मराठीत रूढ झाले ते तेथेच.

या दुकानांतून दोन गोष्टी सर्रास होत. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढावयास सदरा घालून आलेल्या तरुणाला दुकानदार फोटोत कोट आणि टाय चढवून देई. हे निरुपद्रवी कौतुक झाले. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. पूर्वीच्या पिढीत पतिपत्नींचा एकत्र फोटो काढलेलाच नसे. वडील वारल्यावर मुलगा दुकानात येई. त्याच्या एका हातात वडिलांचा ओळखपत्रावरचा फोटो असे आणि दुसऱ्या हातात कोणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून सापडलेला आईचा चेहरा. दुकानदार दोघांना शेजारी बसवी, मागे निळा पडदा घाली, आईच्या अंगावर जरीकाठी साडी नेसवी. चौकट भिंतीवर लागे, हार चढे.

या जोडफोटोला खोटे म्हणण्याचे धाष्टर्य कोण करील? ज्याने तो करवून घेतला, त्याला तो कसा तयार झाला हे ठाऊक असते. त्याच्या दृष्टीने ती श्रद्धेची वस्तू आहे. पुराव्याचा विचारही त्याच्या मनात नसतो. परंतु चाळीस वर्षांनी त्याचा नातू त्या चौकटीकडे पाहील तेव्हा आजी-आजोबा असेच शेजारी बसले होते, आजीची साडी अशीच होती, असे तो निःशंक मनाने समजेल. पहिल्या पिढीची श्रद्धा दुसऱ्या पिढीचा पुरावा होते. छायाचित्र-संपादनाचा सारा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे.

आता सामान्य वापरणाऱ्याचा अनुभव पाहू. संगणकाने त्याला जी सर्वांत मोठी देणगी दिली, ती म्हणजे केलेले मागे घेण्याची सोय. रिटचरच्या पात्याला ही सोय नव्हती. फोटोशॉपमध्येही प्रारंभीची काही वर्षे केवळ शेवटची एकच कृती मागे घेता येई. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत कृतींचा इतिहास पायरीपायरीने मागे नेण्याची व्यवस्था आली. भीती गेली आणि माणूस धीटपणे प्रयोग करू लागला. मात्र या सोयीला एक उंबरठा आहे. चित्र साठवून आज्ञावली बंद केली की तो इतिहास बहुधा संपतो. ‘सेव्ह’ असे बटण दाबताना नवखा माणूस समजतो की आपण काही तरी सुरक्षित ठेवीत आहोत. वस्तुतः त्याच नावाने साठविल्यामुळे जुन्या चित्रावर नवे चित्र बसलेले असते. स्कॅन करून मूळ कागदी फोटो नातलगाला परत दिला, आणि पडद्यावरची पहिली प्रत अशी पुसली गेली, हा प्रसंग असंख्य घरांत घडला आहे.

त्यात जेपीजी या प्रकाराची भर. १९९२ मध्ये मान्य झालेल्या या पद्धतीत चित्र आटोपशीर करण्यासाठी डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील टाकून दिला जातो. चित्र उघडून, बदलून पुन्हा त्याच प्रकारात साठविले की आणखी थोडा तपशील जातो. पोथीची नक्कल, त्या नकलेची नक्कल असे होत गेले की लेखनप्रमाद वाढत जातात. येथेही तद्वतच घडते.

‘पिकासा’ने यावर एक समंजस तोडगा काढला होता. वापरणाऱ्याने केलेले बदल ती मूळ चित्रात न मिसळता वेगळ्या टिपणात लिहून ठेवी, आणि पडद्यावर दाखविताना ते लागू करी. साठविण्याचा आदेश दिलाच, तर मूळ प्रत एका वेगळ्या कप्प्यात ठेवून देई. विचार उत्तम होता. पण बदल साठविण्याचा आदेश न देता कोणी ती चित्रे दुसऱ्या आज्ञावलीत उघडली, तर केलेले कष्ट दिसेनासे होत. मार्च २०१६ मध्ये गूगलने पिकासा बंद केली, तेव्हा वर्षानुवर्षे चेहऱ्यांना नावे देत बसलेल्या अनेकांना कळून चुकले की आपले परिश्रम एका कंपनीच्या मर्जीवर उभे होते. ग्रंथालयांनी हा धडा विशेष लक्षात ठेवावा. आज्ञावलीचे आयुष्य दशकाने मोजतात, तर ग्रंथालयाचे शतकाने.

दुसरा अनुभव आपोआप होणाऱ्या दुरुस्तीचा. पिकासामध्ये एक बटण होते, त्याच्या नावाचा भावार्थ ‘आज नशीब आजमावून पाहतो’ असा. ते दाबले की उजेड, छटा आणि रंग यंत्र स्वतःच जुळवून देई. बहुतेक वेळा फोटो खरोखरच सुधारे. पण यंत्र हे कसे करते? अशा अनेक पद्धतींच्या मुळाशी एक साधे गृहीतक असते की, जगातल्या कोणत्याही दृश्याची रंगांची सरासरी काढली तर ती करडी येते. ती तशी आली नाही, तर प्रकाशातच दोष आहे असे मानून यंत्र रंग हलविते. आता गुलालाने न्हालेली मिरवणूक त्याच्यापुढे ठेवा. सारे चित्र लाल आहे. म्हणून यंत्र लाली दोष समजून कमी करते, आणि उत्सवाचा रंग फिकट, निळसर होतो. यंत्र त्याच्या नियमाशी प्रामाणिक असते. त्या नियमाला गुलाल ठाऊक नसतो, इतकेच.

डाग काढण्याच्या हत्याराचेही तसेच. २००२ मध्ये फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत ‘हीलिंग ब्रश’ म्हणजे जखम भरून काढणारा कुंचला आला. शेजारच्या भागाचा पोत उचलून तो डागावर असा बेमालूम मिसळतो की जुन्या रिटचरने हात टेकावेत. कसरीने पाडलेली छिद्रे, घडीच्या रेषा, शाईचे थेंब यांवर हे हत्यार वरदान ठरले. पुढे हेच काम यंत्र आपण होऊन करू लागले. चेहरा शोधायचा आणि त्यावरचे ठिपके पुसायचे. पण आजीच्या कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण हाही यंत्राच्या लेखी ठिपकाच असतो. गालावरचा तीळ, ज्यावरून सारे गाव तिला ओळखे, तोही ठिपका. देवीचे व्रण तर ठिपक्यांचे रानच. १९७७ मध्ये भारत देवीच्या रोगातून मुक्त झाल्याचे जागतिक पातळीवर प्रमाणित झाले. ते व्रण अंगावर वागविणारी पिढी आता थोडी उरली आहे. त्या रोगाने मराठी घरांतून काय ओरबाडून नेले, याची साक्ष जुन्या छायाचित्रांतील चेहऱ्यांवर आहे. ती ‘स्वच्छ’ करणारा तरुण आपण काय पुसतो आहोत याची कल्पनाही नसताना ती पुसतो.

येथे एक मौज सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये ‘इन्स्टाग्राम’ सुरू झाले. त्यात ताज्या फोटोला जुन्या फोटोची कळा आणणाऱ्या गाळण्या होत्या. एकीचे नावच ‘१९७७’ असे होते. ज्या काळात घरातला एक माणूस खऱ्या जुन्या फोटोचा पिवळेपणा घालविण्यासाठी धडपडत होता, त्याच काळात दुसरा आज सकाळी काढलेल्या फोटोला तोच पिवळेपणा लावीत होता. काळाने घडविलेला रंग आता बटणाने लावता वा काढता येऊ लागला, आणि रंगावरून काळ ओळखण्याची जुनी खूण निरुपयोगी झाली.

जुन्या कृष्णधवल चित्रांत रंग भरण्याची हौसही अलीकडे फार वाढली आहे. त्याबाबत एक शास्त्रीय गोष्ट माहीत असावी. सुरुवातीच्या छायाचित्रकाचांना मुख्यतः निळा प्रकाश जाणवे. पुढच्या ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ काचांना हिरवाही जाणवू लागला, पण लाल त्यांना जवळजवळ दिसतच नसे. म्हणून त्या काळच्या चित्रांत निळे आकाश पांढरे पडते, आणि लाल वस्तू काळ्या उमटतात. सौभाग्यवतीच्या कपाळीचे कुंकू तेथे काळ्या टिकलीसारखे दिसते. लाल लुगडे आणि काळी चंद्रकळा यांत भेद करणे अशा चित्रात अशक्यप्राय होते. रंगाची माहिती तेथे दडून राहिलेली नाही. ती प्लेटवर उमटलेलीच नाही. यंत्र जेव्हा त्यात रंग भरते, तेव्हा ते आठवून नव्हे, तर अंदाजाने भरते. घरातल्या वृद्ध मावशींना विचारले असते, तर त्यांनी लुगड्याचा रंगच काय, ते कोणत्या प्रसंगी घेतले तेही सांगितले असते.

अंदाजाचे हे सामर्थ्य गेल्या काही वर्षांत थेट चेहऱ्यापर्यंत पोहोचले आहे. २०२० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी अत्यंत धूसर चेहऱ्यावरून रेखीव चेहरा तयार करणारी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिला कोणी तरी बराक ओबामा यांचे धूसर केलेले चित्र दिले, तेव्हा उत्तरादाखल एका गोऱ्या पुरुषाचा चेहरा बाहेर आला आणि जगभर चर्चा झाली. कारण उघड आहे. यंत्राने पूर्वी पाहिलेल्या चेहऱ्यांच्या साठ्यातून जुळणारा चेहरा रचला; समोरच्या माणसाचा चेहरा त्याने ‘शोधून’ काढला नव्हता. ओबामांचा चेहरा जगाला ठाऊक होता, म्हणून चूक पकडली गेली. एखाद्या शताब्दी-स्मरणिकेतील समूहचित्राच्या शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या, नखाएवढ्या चेहऱ्याच्या कार्यकर्त्याची चूक कोण पकडणार? यंत्र त्याला डोळे देईल, पापण्या देईल, हसूही देईल, आणि त्याचा नातू आदराने त्या अनोळखी माणसाला नमस्कार करील. २०२३ पासून तर फोटोशॉपमध्ये चार शब्द लिहिले की नव्हते ते दृश्य चित्रात निर्माण होते. फाटलेला कोपरा भरून काढणे आणि नसलेला माणूस उभा करणे या दोन कृतींना लागणारे कष्ट आता सारखेच झाले आहेत.

हौशी संपादनाची किंमत किती मोठी असू शकते, हे मार्च २०२४ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्याला अनुभवास आले. १० मार्चला तेथील मातृदिनानिमित्त राजकुमारी केट व तिची तीन मुले यांचे एक प्रसन्न छायाचित्र प्रसृत झाले. काही तासांतच लोकांच्या लक्षात आले की मुलीच्या बाहीची कड तुटक दिसते. असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स, एएफपी यांसारख्या वृत्तसंस्थांनी ते चित्र मागे घेतले. दुसऱ्या दिवशी राजकुमारीने दिलगिरी व्यक्त करून, आपणही अनेक हौशी छायाचित्रकारांप्रमाणे संपादनाचे प्रयोग करीत असतो, अशा आशयाचा खुलासा केला. तिची त्या काळातील प्रकृती हा लोकांच्या कुतूहलाचा विषय होता; त्यात या चित्राने संशय शमण्याऐवजी वाढला. एका आईने मुलांचा फोटो नीटनेटका करावा, यात गैर काहीच नव्हते. परंतु जे चित्र घरच्या अल्बममध्ये शोभले असते, ते बातमी म्हणून बाहेर पडताच वेगळ्या कसोटीला उतरावे लागले. चित्र कोणत्या कामी लावायचे, यावर त्याला किती हात लावायचा हे ठरते.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा सारा प्रकार अपरिचित वाटू नये. छायाचित्राचा हा प्रश्न म्हणजे पाठचिकित्सेचा जुना प्रश्न आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतल्या जाताना त्यांत अशुद्धे शिरली, लोकांनी पदरच्या ओव्या घातल्या. शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी प्रती ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपल्या ओवीची भर घालू नये, असे कळकळीने बजावले. स्वतः समर्थ कवी असलेल्या नाथांनी हा संयम पाळला, ही गोष्ट मोठी आहे. ज्याला उत्तम ओवी रचता येते, त्यालाच ती मोकळ्या जागी घालण्याचा मोह अधिक होतो. आजचे यंत्र तर असा कवी आहे की, त्याला कोणतीही ओवी क्षणात रचता येते आणि संयम मात्र त्याच्या ठायी मुळीच नाही. तो वापरणाऱ्यानेच पुरविला पाहिजे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर आदी विद्वानांनी तिच्यात जो दंडक पाळला, तो आजच्या विषयाला तंतोतंत लागू पडतो. संपादकांनी जे श्लोक मूळ संहितेबाहेरचे ठरविले, ते फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जसेच्या तसे छापले. निर्णय घेतला, पण वाचकाला तो तपासता यावा इतकी सामग्री त्याच्या हाती ठेवली. दुरुस्ती आणि प्रक्षेप यांतला भेद हाच होय. मूळ जपून व नोंद ठेवून केलेला बदल ही दुरुस्ती. मूळ पुसून मुकाट्याने केलेला बदल हा प्रक्षेप. मग तो कितीही सुंदर का असेना.

संगणकक्षेत्रातील मंडळींनाही ही गरज उमगली आहे. २०२१ मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदींनी एकत्र येऊन चित्राच्या धारिकेतच त्याच्या जन्माची व त्यावर झालेल्या संस्कारांची नोंद राहावी, यासाठी एक समान पद्धत ठरविण्यास प्रारंभ केला. तो प्रयत्न स्तुत्य आहे. पण जुन्या कागदी फोटोंच्या बाबतीत अशी नोंद यंत्र करू शकणार नाही. ती माणसांनाच करावी लागेल.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. जुना फोटो स्कॅन करताना तो इंचाला किमान ६०० बिंदू या प्रमाणात आणि ‘टिफ’ प्रकारात साठवावा, म्हणजे तपशील गळत नाही. त्या प्रतीला ‘मूळ’ असे नाव द्यावे आणि तिला पुन्हा कोणीही हात लावू नये. जी काही दुरुस्ती करावयाची ती तिच्या नकलेवर करावी. फोटोची पाठही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, गिचमिड अक्षरातली तारीख, कोणी तरी पेन्सिलीने लिहिलेली नावे तेथेच असतात. डाग काढले, रंग भरले, कोपरा जोडला, तर स्मरणिकेत चित्राखाली तसे एका ओळीत छापावे. मूळ फोटोची धारिका दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फोटोतील माणसे ओळखणारे वडीलधारे आज हयात आहेत तोवर त्यांच्यापुढे तो फोटो ठेवून नावे लिहून घ्यावीत. डाग काढण्याचे काम पन्नास वर्षांनीही होईल, बहुधा आजच्यापेक्षा चांगले होईल. तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथे कोण, हे सांगणारे माणूस मात्र तेव्हा असणार नाही.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी समाजाला ही काळजी जरा अधिकच घ्यावी लागते. मोठ्या प्रदेशाचा इतिहास सरकारी दप्तरांत सापडतो. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरे, हैदराबाद येथील मराठी घरांचा, नाट्यसंस्थांचा, शाळांचा इतिहास पुष्कळसा अशा पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या फोटोंतच उरला आहे. पागोट्याचा घाट, लुगडे नेसण्याची तऱ्हा, सभागृहाच्या भिंतीवरची पाटी यांवरून उद्याचा अभ्यासक या समाजाची कथा जुळवील. ती पाटी यंत्राने अंदाजाने रंगविलेली असेल, तर त्याची कथाही अंदाजाचीच होईल.

म्हणून त्या उत्साही तरुणाला नाउमेद करण्याचे काहीच कारण नाही. त्याच्या हातात जी विद्या आहे, ती स्टुडिओतल्या रिटचरने स्वप्नातही पाहिली नव्हती. शिवाय मूळ जराही न दुखावता दुरुस्ती करण्याचे जे भाग्य त्या कारागिराला कधी लाभले नाही, ते याला सहज लाभले आहे. काकांनी त्याला फोटो अवश्य द्यावा, देताना एवढेच सांगावे : ‘नवा कर, बाळ, पण जुना जसाच्या तसा परत आणून दे. आणि काय काय केलेस, ते एका कागदावर लिहून आण.’ तो कागद त्या फोटोबरोबर कपाटात गेला, तर द्विशताब्दीच्या वेळी कपाट उघडणाऱ्या मंडळींना दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहता येतील. ग्रंथालयाच्या पुढील शतकास मनःपूर्वक शुभेच्छा.